काका आणि जमिनीखालची हवा

घर भाड्यानं देण्याआधी घरमालक नोकरी विचारतात, जात विचारतात, घरात मटण शिजतं का तेही विचारतात. काकांनी आम्हाला एकच गोष्ट विचारली, "निजताना खिडकी लावता की उघडी ठेवता?"

माझे यजमान गोंधळले. लग्न होऊन आम्हाला थोडेच दिवस झाले होते, आणि असा प्रश्न परक्या माणसानं विचारावा हे त्यांना जरा खटकलं. "थंडीत लावतो," ते म्हणाले.

"मग घर मिळणार नाही."

"उन्हाळ्यात उघडी ठेवतो," हे घाईनं म्हणाले.

"उन्हाळ्यात चोरही उघडी ठेवतो. मी थंडीचं विचारतोय."

शेवटी मीच म्हटलं, "उघडी ठेवू, काका. फट ठेवू." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "शब्द तुझा धरतो, सूनबाई. ह्यांचा नाही."

बुऱ्हाणपुरातल्या शनवारा पेठेतलं ते घर दगडी होतं. खाली आम्ही, वर काका एकटे. बुऱ्हाणपूर तेव्हा खंडवा जिल्ह्यातच होतं. गावात केबल नुकतीच आली होती, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे बूथ होते, आणि मी जळगावकडून आलेली असल्यामुळे दुकानदार माझ्याशी मराठीत सुरू होऊन हिंदीत संपवायचे. मीही हळूहळू तसंच बोलायला लागले. काका मात्र शुद्ध मराठी बोलत आणि चिडले की शुद्ध हिंदी. कुठल्या भाषेत बोलताहेत त्यावरून आम्ही त्यांचा मूड ओळखायचो.

आमच्या मागच्या खोलीची फरशी बाकीच्या घरापेक्षा दोन पायऱ्या खाली होती. तिच्या कोपऱ्यातून एक जाड पाइप निघायचा, भिंतीला धरून वर जायचा आणि गच्चीच्याही वर डोकं काढायचा. त्याच्या टोकाला एक छोटा पंखा होता. तो दिवसरात्र घुरघुरत असे. गल्लीतली पोरं काकांना सर म्हणत; ती सांगायची, सरांच्या घराखाली जिन्न कोंडलाय आणि तो नळीतून श्वास घेतो. काकांच्या कानावर हे गेलं तेव्हा ते खूश झाले. "जिन्नच आहे," म्हणाले, "फक्त त्याला आत घ्यायचा नाही, बाहेर सोडायचाय."

त्या जिन्नाचं नाव रेडॉन. मला त्यांनी ते पहिल्याच आठवड्यात समजावून सांगितलं. दगडात थोडं थोडं युरेनियम सगळीकडेच असतं. ते कोट्यवधी वर्षं झिजत राहतं आणि त्या झिजण्यातून एक वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. उघड्यावर निघाला तर वाऱ्याबरोबर जातो. पण फरशीच्या फटीतून बंद खोलीत शिरला की मुक्कामच ठोकतो. वर्षानुवर्षं तो छातीत जात राहिला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो.

"पण काका, आपल्याकडचा तर काळा दगड," मी शाळेत शिकलेलं आठवून म्हटलं.

"काळा दगड तसा गरीब. फार काही सोडत नाही," ते म्हणाले. "पण मोजल्याशिवाय कोणाच्या गरिबीवर विश्वास ठेवू नये."

त्यांनी मोजलं होतं. आमच्या मागच्या खोलीखाली जुनं तळघर होतं, कोणीतरी राडारोडा टाकून बुजवलेलं. तिथे आकडा बाकी घरापेक्षा बराच जास्त निघाला. म्हणून त्यांनी फरशी उचलली, खाली खड्डा करून खडी भरली, त्यात पाइप उभा केला, फरशी परत बसवली आणि सगळ्या सांध्यांत सिमेंट भरलं. जमिनीखालची हवा घरात येण्याआधीच पंखा ती ओढून आभाळात सोडायचा. परत मोजलं तेव्हा आकडा खाली आला होता. त्यानंतरच त्यांनी ती खोली भाड्यानं द्यायची ठरवली. हे सगळं करायला त्यांना दोन वर्षं लागली, आणि तोवर ती खोली रिकामी होती. गल्लीतले लोक ह्यावरूनच त्यांना अर्धवट म्हणायचे.

काका पूर्वी दूर पूर्वेकडे एका युरेनियमच्या खाणीत नोकरीला होते. खाणीच्या पोटातली हवा मोजायची, हे त्यांचं काम. ते सोडून ते गावी परतले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी इथल्या शाळेत फिजिक्स शिकवलं. पण खाण त्यांच्यातून गेली नाही. कुठल्याही घरात पाऊल टाकलं की आधी खाली फरशी बघायचे, मग वर झरोका, मग घरातली माणसं.

त्यांच्या खिशात उदबत्तीचा पुडा असायचा. शनवाऱ्यात नवीन आलेल्या माणसाला वाटायचं, केवढे धार्मिक गृहस्थ! काका उदबत्ती पेटवायचे आणि ती देवापुढे न धरता दाराखालच्या फटीशी, पायऱ्यांच्या कोपऱ्यात, मोरीच्या तोंडाशी धरायचे. धूर कुठे वळतो ते डोळे बारीक करून बघत बसायचे. धूर सरळ वर गेला तर त्यांचा चेहरा पडायचा. वाकडा झाला की म्हणायचे, "चला, हवा चालतेय."

बुधवाऱ्यात एका ओळखीच्या घरी सत्यनारायण होता. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसलेली, होमाचा धूर, खिडक्या बंद. काका उठले आणि त्यांनी सरळ खिडकी उघडली. समई विझली. गुरुजी पोथी धरून थांबले, यजमानीणबाईंचं तोंड उतरलं.

"हे काय केलंत?" कोणीतरी विचारलं.

"देव गुदमरत होता," काका म्हणाले आणि खिशातून काडेपेटी काढून समई पुन्हा लावायला बसले. ती परत विझू नये म्हणून पूजा संपेपर्यंत तिच्या बाजूला हाताचा आडोसा धरून होते. प्रसाद मात्र त्यांना दोनदा मिळाला. यजमानीणबाईंनाच मघाशी घेरी येत होती म्हणे.

ओळखीच्या घरांत ते प्लॅस्टिकचे छोटे कप टांगायचे. कपाच्या तळाला एक पारदर्शक पट्टी चिकटवलेली असे. तीन महिने कप लटकवायचा, मग काढून त्यांच्या जुन्या सहकाऱ्याकडे प्रयोगशाळेत पाठवायचा. वायूचे बारीक ओरखडे त्या पट्टीवर उमटतात आणि ते मोजता येतात. बायकांना हे समजावताना त्यांची दमछाक व्हायची.

"इसमें क्या फँसता है, सरजी? मच्छर?"

"काही फसू नये म्हणूनच लावतोय."

एका आजीबाईंनी तीन महिने त्या कपाला रोज हळदकुंकू वाहिलं. काकांनी तो कप उतरवला, आतलं कुंकू पाहिलं आणि दुसरा टांगला. पुढच्या वेळी म्हणाले, "आजी, ह्याला उपास आहे. काही घालायचं नाही." मग आजींनी काही घातलं नाही.

निकाल यायचे तेव्हा बहुतेक घरांत काही विशेष नसायचं. मला वाटायचं, एवढी धडपड करून काहीच सापडलं नाही तर माणूस हिरमुसेल. काका उलट मावा जिलबी आणायचे, गरम, पानात बांधलेली, आणि त्या घरी जाऊन द्यायचे. "तुमच्याकडे काही नाही," असं हसून सांगायचे. काही न सापडल्याबद्दल जिलबी वाटणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

ज्या एखाद्या घरात आकडा जास्त यायचा तिथे मात्र जिलबी नाही. तिथे ते थापी आणि सिमेंटची पिशवी घेऊन जायचे, गुडघ्यांवर बसून फटी बुजवायचे, आणि झरोक्यावर डकवलेलं जुनं कॅलेंडर फाडून काढायचे. त्या कॅलेंडरवर देव असला तर आधी नमस्कार करायचे.

आमच्याकडे लाईट गेली की वरून त्यांच्या चपलांचा आवाज यायचा. तेव्हा लाईट रोजच जायची, तासन् तास. पंखा बंद पडला की काका जिन्यातूनच ओरडायचे, "सूनबाई, दारं!" मी मागचं दार, पुढचं दार, सगळं उघडायचे. उघड्या दारातून गल्ली आमच्या घरात यायची. कोणी भाजी निवडायला, कोणी नुसतं बसायला. परक्या गावात माझी माणसं झाली ती अशी, लाईट जाण्यामुळे. माझ्या नवऱ्याला ही दारं उघडी ठेवणं आवडत नव्हतं, पण मला त्या गावात कधी एकटं वाटलं नाही, ते त्यामुळेच.

दुसऱ्या वर्षी थंडीत मला मुलगी झाली. माझी आई तेव्हा हयात नव्हती, म्हणून बाळंतपणाला दापोऱ्याहून सासूबाई आल्या. त्यांचं घर केळीच्या बागेतलं, अंग कष्टाचं, आवाज शेताच्या ह्या बांधावरून त्या बांधापर्यंत जाणारा. त्यांनी अर्ध्या गावाची बाळंतपणं काढलेली. त्यांच्या हाताला माया होती आणि जिभेला धार होती.

आल्या आल्या त्यांनी मागची खोली बाळंतिणीची ठरवली. खिडकी लावली, झरोक्यात गोणपाट कोंबलं, दाराच्या फटीला जुनं लुगडं लावलं. बाजेखाली कोळशाची शेगडी. त्यात ओवा आणि बाळंतशोपा टाकून धुरी. मला घाम फुटायचा, पण त्या मायेनं शेकत होत्या. मी काय बोलणार?

काका अंगणात आले. बाळंतिणीच्या खोलीत शिरायचे ते नाहीत, म्हणून अंगणातूनच बोलले.

"बाई, झरोका उघडा करा."

"मास्तर, तुम्ही काय बोलू राह्यले? बाळंतिणीले वारा लागला तर जनमभर कंबर धरीन तिची."

"वारा लागू देऊ नका. पांघरूण दोन घाला, चार घाला. पण शेगडी आत आणि खोली बंद, हे करू नका. निखारे अंगणात फुलवा, धूर जाऊ द्या, वीट तापवा, ती फडक्यात गुंडाळून शेकायला घ्या."

"तुमच्या घरात किती बाळंतपणं झाली, मास्तर?"

"एकही नाही," काका म्हणाले.

"मंग जा वर."

ते वर गेले. पण त्या दिवसापासून ते जिन्याच्या वरच्या पायरीवर खुर्ची टाकून बसायला लागले. मुलगी रडली की म्हणायचे, "वा!" सासूबाई चिडायच्या. "लेकरू रडू राह्यलं आन् हा मानूस वा म्हणतो!" काका वरून म्हणायचे, "रडतंय म्हणजे छाती चालू आहे, बाई."

त्यानंतरच्या आठवड्यातली ती दुपार. हे ऑफिसात गेलेले. त्या दिवशी गारठा फार होता म्हणून सासूबाईंनी शेगडीत कोळसा जास्त घातला, दाराला आतून कडी लावली आणि स्वतःही माझ्या बाजेशी गोधडीवर टेकल्या. मला आठवतं ते एवढंच: डोकं ठणकत होतं, पाणी मागायचं होतं, आणि जीभ उचलत नव्हती. मुलगी कुशीत होती. ती फार शांत होती. किती गुणाची पोर, असं मनात आलं. पुढचं मला आठवत नाही.

पुढचं मला गल्लीनं सांगितलं. काका वर बसले होते. मुलीच्या दुधाची वेळ झाली, ती रडली नाही. त्यांनी हाक मारली, "सूनबाई!" मग, "बाई!" सासूबाईंना हाक मारली आणि उलट उत्तर आलं नाही, हे त्या घरात कधी झालंच नव्हतं. ते जिना उतरले, दार ढकललं. कडी होती. त्या वयात त्यांनी खांद्यानं दार फोडलं. जो माणूस बाळंतिणीच्या उंबऱ्याशी कधी आला नव्हता, तो आत शिरला, मुलीला उचलून आवाजानं धावून आलेल्या शेजारच्या बाईच्या हातात दिलं, पेटती शेगडी दोन्ही हातांनी कडेनं धरून अंगणात फेकली, आणि आधी मला, मग सासूबाईंना ओढत बाहेर आणलं.

मला जाग आली ती आभाळाखाली. पहिली गोष्ट ऐकू आली ती काकांचा आवाज, आणि ते हिंदीत बोलत होते. "रुलाओ उसको! अरे रुलाओ!" शेजारीण मुलीच्या तळव्यांना टिचक्या मारत होती. मग मुलगी रडली. एवढा कर्कश आणि एवढा गोड आवाज मी परत ऐकलेला नाही.

गल्लीतले डॉक्टर धावत आले, मग आम्हा तिघींना रिक्षातून दवाखान्यात नेलं, ऑक्सिजन लावला. दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. काकांच्या दोन्ही तळहातांना पट्ट्या होत्या. ते अंगणात बसले होते आणि शेजारीण त्यांना चमच्यानं वरणभात भरवत होती.

हे त्यांच्या पाया पडायला वाकले. "काका, तुमच्या रेडॉनमुळे..." असं काहीतरी म्हणाले.

काका एकदम ताठ झाले. "रेडॉन नव्हता तो. कोळशाचा वायू होता. ज्याचं त्याला द्यावं. रेडॉन असा एका दुपारी मारत नाही, त्याला वर्षं लागतात. म्हणून तर कोणी ऐकत नाही."

सासूबाई पदर खोचून मागच्या खोलीत गेल्या, स्टुलावर चढल्या आणि झरोक्यातलं गोणपाट ओढून काढलं. मग अंगणात चूल मांडली आणि त्यावर वीट तापत ठेवली.

तो वायू त्यांच्या मनातून पुढे कधी गेला नाही. दापोऱ्याला परतल्यावर त्या कुठल्याही बाळंतिणीच्या घरी गेल्या की आधी शेगडी बाहेर काढायच्या. कोणी हुज्जत घातली तर म्हणायच्या, "मी मरून आली हाये, मले नको शिकवू." त्या गावात त्यानंतर बंद खोलीत शेगडी ठेवायची कोणाची हिंमत झाली नाही. काकांनी आयुष्यभर कप टांगून जेवढी घरं उघडली, त्याहून जास्त सासूबाईंनी नुसत्या आवाजावर उघडली. काकांना ह्याचं फार कौतुक होतं. "माझ्याकडे आकडे होते," ते म्हणायचे, "बाईंकडे घसा आहे."

आम्ही पुढे बरीच वर्षं त्या घरात राहिलो. स्वतःचं घर बांधलं तेव्हा पाया भरायच्या दिवशी काका हजर झाले आणि गवंड्याच्या शिव्या खात फरशीखाली खडी आणि पाइप घालून घेतला. गेले तेव्हा शांतपणे गेले, त्यांच्या वरच्या खोलीत, सकाळच्या वेळी. खिडक्या उघड्या होत्या हे वेगळं सांगायला नको. त्यांचं ऋण मानायचं तर रोजच्या श्वासागणिक मानावं लागेल, आणि ते त्यांना आवडलं नसतं. पण मला सांगायची आहे ती गोष्ट बारशाची.

दवाखान्याच्या धावपळीत बारसं लांबलं. सव्वा महिन्यानं केलं. पाळणा पुढच्या खोलीत बांधला. घुगऱ्या शिजल्या, गल्लीतल्या बायका जमल्या, आत्या नाव ठेवायला तयार होती. पत्रिकेतलं अक्षरही काढलेलं. काका दाराबाहेर ओट्यावर बसले होते, हातांच्या पट्ट्या सुटून गुलाबी कातडी दिसत होती.

सासूबाई आतून उठल्या आणि थेट त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मास्तर, तुमच्या मालकिणीचं नाव काय व्हतं?"

आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं की काकांची बायको फार पूर्वी वारली. एवढ्या वर्षांत कोणी तिच्याबद्दल विचारलं नव्हतं, आणि ते सांगतही नसत. काका म्हणाले, "सुमती."

"कशानं गेली?"

"फुप्फुसाच्या कॅन्सरनं. खाणीच्या कॉलनीत राहायचो. कधी तंबाखूला हात लावला नाही तिनं."

"त्या वायूनं?"

"माहीत नाही, बाई. मी खाणीतली हवा रोज मोजायचो, घरातली कधी मोजली नाही. ती स्वैपाकही कोळशावरच करायची. दहा कारणं असतील. कुठलं होतं ते आता कोणालाच सांगता येणार नाही." त्यांनी आपल्या गुलाबी तळहातांकडे पाहिलं. "जे आपल्या हातानं कमी होतं, तेवढं कमी करतो."

सासूबाई आत आल्या. आत्याच्या कानाशी लागल्या. आत्यानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. पत्रिकेतलं अक्षर पत्रिकेत राहिलं. बायकांनी पाळण्याचं गाणं म्हटलं आणि त्यात शेवटी नाव आलं, सुमती. बाहेर काका उठून उभे राहिले. घुगऱ्या न घेताच जिना चढून गेले.

मला भीती वाटली की आपण त्यांना दुखवलं. कारण त्यानंतर त्यांनी तिला कधी नावानं हाक मारली नाही. "ए पोरी" म्हणायचे, "ए चिमणे" म्हणायचे. तिला मांडीवर घेऊन बसायचे, उदबत्तीचा धूर कसा वळतो ते दाखवायचे, पण नाव तोंडातून निघत नसे. मी एकदा ह्यांना म्हटलंही, चुकलं का आपलं? हे म्हणाले, "त्यांना वेळ दे."

ती चालायला लागली त्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी मी अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होते. पोर कधी जिना चढून गेली ते मला कळलंच नाही. गच्चीला कठडा नव्हता. काका वर पंख्याला तेल घालत होते. त्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा ती अगदी कडेला पोचली होती, आणि ते दुसऱ्या टोकाला होते.

"सुमती!"

अंगणात मला ती हाक ऐकू आली, गल्लीला ऐकू आली. पोर जागच्या जागी थांबली आणि मागे वळून हसली. काका गेले, तिला उचललं आणि तिथेच गच्चीवर तिला छातीशी धरून खाली बसले. मी धावत वर पोचले तेव्हा ते तेलकट हातानं तिच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि हळू आवाजात, कोणाला ऐकू जाऊ नये तसं, पुन्हा पुन्हा तेच नाव घेत होते. मी हातातले कपडे घेऊन तशीच खाली उतरले.